शोध ३० वर्षांचा, पावती २० वर्षांची: बडोद्यातल्या घरखरेदीसाठी नेमलेल्या वकिलाबद्दल आठ महिन्यांनंतरचा अनुभव

दस्तावेज (विक्रीखत) झाला, किल्ल्या मिळाल्या आणि मग सिटी सर्व्हेत, म्हणजे शहरातल्या मिळकतींची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत, माझ्या नावाची नोंध अडकली. प्रॉपर्टी कार्डावर अजून विक्रेत्याच्या दिवंगत वडिलांचंच नाव आहे. पेढीनाम्यात (वंशावळीत) वारस दोन, मुलगा आणि मुलगी. दस्तावेजावर सही एकट्या मुलाची. 'बहिणीने हक्क कमी केलेला आहे', म्हणजे सोडलेला आहे, एवढं एक वाक्य मसुद्यात आहे. त्या लेखाचा नंबर नाही, तारीख नाही. वकिलाच्या टायटल रिपोर्टात (मालकी तपासल्याच्या अहवालात) मात्र 'मागील ३० वर्षांचा शोध घेतला, मिळकत बोजारहित आहे' असं ठळक छापलंय. शोधाच्या, म्हणजे नोंदवलेले जुने दस्त तपासल्याच्या, सरकारी पावत्या मागितल्यावर एकच पावती हातात आली: एका सबरजिस्ट्रार कचेरीची, २००५ ते २०२४. आधीची दहा वर्षं कोणी उघडूनच पाहिली नव्हती.

म्हणून या अनुभवात पावतीबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे. वकील कसा निवडावा याबद्दल लोक ओळख, वय, कोर्टातलं वजन बघतात. घरखरेदीत यातलं फारसं काही कामाला येत नाही. कामाला येतो तो शोध, आणि शोध झाल्याचा पुरावा म्हणजे पावती. ३० वर्षांचा आग्रह उगाच नाही: गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत ३० वर्षे आहे आणि सरकारच्या दाव्याचीही तेवढीच. बडोद्यात सबरजिस्ट्रारांच्या हद्दी वेळोवेळी बदलल्या, त्यामुळे एकाच घराचे जुने दस्त एका कचेरीत आणि नवे दुसरीत असू शकतात. संगणकावरची वर्षं बसल्या जागी बघता येतात. त्यामागची वर्षं हाताने लिहिलेल्या इंडेक्समधून काढावी लागतात. धूळ तिथे असते आणि काम अर्धवट सुटतं तेही तिथेच. प्रत्येक कचेरीची वेगळी पावती, तिच्यावर मिळकतीचा नंबर आणि कोणतं वर्ष ते कोणतं वर्ष हे लिहिलेलं असलं पाहिजे, आणि त्या सगळ्या पावत्या रिपोर्टाला जोडलेल्या हव्यात. नसतील तर तो रिपोर्ट म्हणजे नुसता शब्द.

आणि पूर्ण शोधातही सगळं दिसत नाही. इंडेक्स-२ मध्ये, म्हणजे नोंदणी कचेरीच्या सूचीत, फक्त नोंदवलेले दस्त येतात. नोंदणी न झालेलं मृत्युपत्र, तोंडी वाटणी, चालू दावा, जुना भाडेकरू हे तिथे सापडत नाही. त्यासाठी जाहीर नोटीस, कोर्टातली तपासणी आणि जागेवर जाऊन चौकशी लागते. मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जासाठी सर्साईवर (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीवर) वेगळं बघावं लागतं. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या वाड्यांचे काही गायकवाडी कागद मोडी लिपीत आहेत. ते वाचता येणारा माणूस वकिलाने शोधायचा की आपण, हेही आधीच ठरवा.

आता पैसे. २५,००० रुपये उक्ते ठरले होते: शोध, रिपोर्ट, बानाखत (विक्रीआधीचा करार), दस्तावेज, सगळं मिळून, ५,००० आधी, बाकी नोंदणीच्या दिवशी. चूक इथेच आहे. ज्याचे २०,००० दस्तावेज झाल्यावरच मिळणार, त्याने 'हे घर घेऊ नका' कोणत्या बळावर म्हणायचं? माणूस प्रामाणिक असला तरी अशी रचना त्याला घाईत ढकलते. शोध आणि अभिप्रायाची फी वेगळी ठरवा, ती बानाखताआधी पूर्ण द्या, सौदा होवो वा न होवो. मसुद्याची आणि नोंदणीची फी वेगळी. सरकारी शोध फी पावतीप्रमाणे, तिसरी.

बिलात १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,५०० रुपये, लावले होते. स्वतःच्या राहत्या घरासाठी वकिलाकडून सल्ला घेणाऱ्या व्यक्तीला या सेवेवर जीएसटी माफ आहे. दाखवून दिल्यावर ते कमी झाले, वाद झाला नाही.

बँकेच्या पॅनेलवरचा वकील आहेच की, दुसरा कशाला, हा प्रश्न सगळे विचारतात. त्याची फी कर्जदार भरतो, पण रिपोर्ट बँकेचा असतो आणि बरेचदा कर्जदाराला प्रतही मिळत नाही. त्याची नजर बँकेच्या तारणावर असते.

वरचं सगळं लिहिलं तेव्हा पाचपैकी दोन तारे द्यायचे ठरवलं होतं. आता साडेतीन देतो, कारणं दोन.

पहिलं कारण अशांत धारा, म्हणजे 'अशांत' जाहीर झालेल्या भागातल्या मिळकतींच्या विक्रीवर बंधन घालणारा गुजरातचा कायदा. जुन्या शहरातले बरेच भाग त्यात येतात, मुदती वाढतात, नवे भाग जोडले जातात. तिथे कलेक्टरच्या आगाऊ परवानगीशिवाय केलेली विक्री रद्दबातल ठरते. विक्रेत्याची राजीखुशी आणि वाजवी किंमत या दोन्ही गोष्टी तपासल्या जातात. या वकिलांनी अधिसूचना त्या तारखेची काढून पाहिली आणि परवानगी हातात येईपर्यंत बानाखतापलीकडे एक पाऊल टाकू दिलं नाही. बानाखतात परवानगी नाकारली तर बाना (आगाऊ दिलेली रक्कम) परत, असंही लिहून घेतलं.

दुसरं कारण मसुद्यातलं एक कलम: मालकी हक्काचा कोणताही कागद अपुरा निघाल्यास विक्रेत्याने तो स्वखर्चाने मिळवून द्यायचा. त्या कलमावर बोट ठेवल्यावर विक्रेता जुन्या कचेरीत गेला. हस्तलिखित इंडेक्समध्ये १९९७ चा हक्ककमीचा लेख नोंदवलेला सापडला आणि त्याची प्रमाणित नक्कल मिळाली. आता आधी वारसाई, मग हक्ककमी, मग विक्री अशा नोंधी क्रमाने व्हायच्या आहेत. नोंधीवर हरकती मागवणारी १३५-डी ची नोटीस आणि तिचे ३० दिवस त्यात आलेच. वेराबिलावर (मिळकतकराच्या बिलावर) नाव कधीच चढलं होतं, पण वेराबिल मालकी सिद्ध करत नाही.

खर्च मांडताना वकिलाच्या फीवर घासाघीस करणाऱ्यांनी हा हिशेब बघावा. ४० लाखांच्या घराला ४.९ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे १,९६,००० रुपये, जंत्री (सरकारी दराने किंमत) जास्त असेल तर जंत्रीवर. नोंदणी फी १ टक्का, ४०,००० रुपये. खरेदीदार केवळ महिला असतील तर ती माफ. एका पूर्ण शोधाचे पैसे या रकमांपुढे किरकोळ आहेत, आणि तेच वाचवले जातात.

दीड तारा पावतीचा कापला आहे. राहिलेल्या दहा वर्षांच्या शोधाची पावती मागितली आहे. ती रिपोर्टाला जोडून सुधारित प्रत आली की इथे तारा वाढवीन.