पाणी न चालणारा दात घासायचा ब्रश: काही महिन्यांच्या वापरानंतर

मुलांचा हा बॅटरीवर चालणारा ब्रश सगळीकडे मिळतो, त्यामुळे दोन पेन्सिल सेल, लुकलुकणारा दिवा, दोन मिनिटांनी वाजणारी धून वगैरे माहिती पुन्हा देत नाही. लिहिण्याचे कारण असे की तो गेल्या आठवड्यात बंद पडला आणि ‘पाणी शिरल्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही’ असे उत्तर सेवा केंद्राने दिले. दात घासायच्या ब्रशला पाणी लागणार नाही तर काय लागणार, हे मी फोनवर निरनिराळ्या प्रकारे विचारून पाहिले. पलीकडून तेच वाक्य तितक्याच नम्रपणे ऐकू आले. पाकिटावर मात्र ‘वॉटरप्रूफ’ असे ठळक छापले आहे. ते पाकीट आणि बिल सांभाळून ठेवले असून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

सगळा दोष खालच्या झाकणात आहे. ते पाव वळशात बंद होते आणि त्याच्या खाचेत दोऱ्याइतकी बारीक काळी रबरी रिंग असते. सेल बदलताना ही रिंग जरा जरी सरकली तरी झाकण वरून घट्ट बसल्यासारखे दिसते. मुलगी ब्रश धुऊन पेल्यात उभा ठेवते, निथळलेले पाणी तळाशी साचते आणि झाकण रात्रभर त्यातच बुडून राहते. उघडून पाहिले तर सेल गळून स्प्रिंगवर पांढरट-हिरवट खरपुडी धरली होती. (हा क्षार त्वचेला जाळतो, त्यामुळे हातमोजे घालून आणि मुलांना लांब ठेवूनच हे काम करावे.) कापसाला व्हिनेगर लावून स्प्रिंग पुसली, कोरडी केली आणि हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाची रिंग आणून बसवली, तेव्हा ब्रश पुन्हा सुरू झाला. जी वस्तू पाच रुपयांत दुरुस्त होते, तिच्यासाठी सेवा केंद्राने मला ‘नवीन घेतल्यास सवलत’ देऊ केली होती.

आता ब्रशच्या मूळ कामाविषयी. सुरुवातीला मी त्याला पाचपैकी पाच तारे दिले असते, कारण धून वाजेपर्यंत मुलगी तोंडातून ब्रश काढत नसे आणि रोज रात्रीची ओढाताण थांबली होती. पुढे दंतवैद्यांनी तिच्या दातांना गुलाबी द्रावण लावले. दातांवर जिवाणूंचा चिकट थर राहिला असेल तेथे हा रंग धरून राहतो. पुढचे दात पांढरेशुभ्र होते. वरच्या दाढांची गालाकडची बाजू आणि खालच्या दाढांची जिभेकडची बाजू मात्र गडद गुलाबी झाली होती. ब्रश आपोआप थरथरतो म्हटल्यावर तिने तो एकाच जागी नुसता धरून ठेवायला सुरुवात केली होती.

त्याच भेटीत दुसरी गोष्ट कळली. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ दुधाच्या दाढांच्या मागे येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्यामुळे बऱ्याच घरांत तीही दुधाचीच समजली जाते. ती अर्धवट वर आलेली असताना शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, त्यामुळे सरळ धरलेला ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. तेथे ब्रश आडवा, गालाच्या बाजूने घालावा लागतो आणि या ब्रशचे जाड डोके तेथे नीट शिरत नाही. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवावा, असे दंतवैद्यांनी सांगितले. म्हणून आता धून वाजेपर्यंत ती घासते आणि नंतर मी साध्या मऊ ब्रशने मागच्या दाढा घासते. म्हणजे एवढे पैसे खर्चून घरात शेवटी ब्रश दोन झाले.

सोबत फुकट आलेल्या स्ट्रॉबेरीच्या पेस्टमध्ये दात किडण्यापासून वाचवणारे फ्लोराइडच नव्हते. टाकून देणे जिवावर आले, म्हणून ती चांदीची निरांजने घासून संपवली. मुलीला आता १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट मटारच्या दाण्याएवढी देतो. घासून झाल्यावर फक्त थुंकायचे, भरपूर पाण्याने चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते. खळखळून चुळा भरल्याशिवाय तोंड स्वच्छ होते हे सासूबाईंना अजून पटलेले नाही. झोपेत लाळ कमी होत असल्यामुळे रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे आहे, एवढे पटल्यावर त्यांनी साखर घातलेले दूध मात्र ब्रशच्या आधी द्यायला सुरुवात केली आहे.

सध्याचे मत: पाचपैकी दोन तारे, आणि तेही केवळ त्या धुनेसाठी. डोके तीन महिन्यांनी बदलावे लागते आणि दोन डोक्यांची किंमत मूळ ब्रशच्या जवळपास निम्मी पडते. ज्यांनी आधीच घेतला असेल त्यांनी तो पेल्यात उभा न ठेवता पुसून आडवा ठेवावा आणि सेल बदलताना रिंग खाचेत बसली आहे की नाही ते बोटाने चाचपून पाहावे. आमच्याकडे शिल्लक असलेले डोके झिजेपर्यंत हा ब्रश चालेल. धाकट्यासाठी मी साधा मऊ ब्रश आणि दोन मिनिटांचे वाळूचे घड्याळ आणून ठेवले आहे.