ओमाहा किनाऱ्यावरच्या प्रसंगामागची मेहनत : 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'चा दोन डिस्कचा ब्लू-रे संच

स्टीव्हन स्पीलबर्ग दिग्दर्शित 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) बहुतेकांनी केव्हा ना केव्हा पाहिलेला असतो, त्यामुळे केवळ चित्रपटासाठी हा संच घ्या असे मी सांगणार नाही. फोर्टमधल्या जुन्या डिस्कच्या एका दुकानातून मी तो घेतला तो दुसऱ्या डिस्कसाठी. ६ जून १९४४ रोजी फ्रान्समधल्या नॉर्मंडीतील ओमाहा किनाऱ्यावर अमेरिकी सैन्य उतरले, तो सुरुवातीचा प्रसंग कसा उभा राहिला, हे तीत ते काम करणाऱ्यांच्याच तोंडून ऐकायला मिळते.

हे चित्रीकरण नॉर्मंडीत नव्हे, तर १९९७ साली आयर्लंडमधील वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर झाले. सुमारे १,५०० ज्युनिअर आर्टिस्टमध्ये आयरिश राखीव सैन्यातले जवानही होते, आणि हातपाय तुटलेल्या सैनिकांच्या भूमिका प्रत्यक्षात अवयव गमावलेल्या व्यक्तींनी केल्या. गोरेगावच्या चित्रनगरीत गर्दीच्या दृश्याची तयारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एवढ्या माणसांना पाणी, वाळू आणि स्फोटांमधून सुखरूप धावायला लावणे किती अवघड असते, हे वेगळे सांगायला नको. तरीही स्पीलबर्ग यांनी या प्रसंगासाठी स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक दृश्याची आधीच काढलेली चित्रमालिका, तयार करवला नाही. पुढे काय घडणार याची अनिश्चितता कॅमेऱ्यालाही जाणवावी, हा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

छायालेखक यानुश कामिन्स्की यांनी काय केले, ते मात्र सावकाश समजून घेण्यासारखे आहे. फिल्मवर प्रकाश पडू देणारी कॅमेऱ्यातली फिरती चकती म्हणजे शटर; तिची फट जितक्या अंशांची, तो शटरचा कोन. नेहमी हा कोन १८० अंशांचा असतो. सेकंदाला २४ चौकटींच्या वेगात प्रत्येक चौकटीवर साधारण १/४८ सेकंद प्रकाश पडतो आणि धावता माणूस तीत किंचित पुसट उमटतो. येथे हा कोन ९० आणि काही ठिकाणी ४५ अंशांवर आणला गेला. ४५ अंशांवर तो वेळ एक चतुर्थांश होतो, पुसटपणा जवळजवळ नाहीसा होतो आणि माणसांच्या हालचालीला तुटक, दचकवणारी लय येते. पहिली डिस्क लावून किनाऱ्यावरच्या एखाद्या स्फोटावर चित्र थांबवावे : उडालेल्या वाळूचे ढेकूळ न् ढेकूळ वेगळे दिसते. लेन्सवरचा संरक्षक लेपही काढून टाकला होता, त्यामुळे जुन्या युद्धकालीन चित्रफितींसारखा मऊ, पसरणारा प्रकाश मिळाला.

दुसऱ्या डिस्कवर ध्वनीचा भाग आणखी मोठा हवा होता. गॅरी रिडस्ट्रॉम यांच्या ध्वनिरचनेवर हा प्रसंग निम्मा तरी उभा आहे. लढाईत पार्श्वसंगीत अजिबात नाही, आणि चित्रपटाचा नायक कॅप्टन मिलर याच्या कानांना दडे बसतात तेव्हा आपल्यालाही बंदुका दूर गेल्यासारख्या ऐकू येतात. दुसऱ्या डिस्कवरच्या माहितीपटांचे चित्र चित्रपटाइतके स्वच्छ नाही, हाही दोष मोठ्या टीव्हीवर जाणवतो. मराठी उपशीर्षके नाहीत, तेव्हा इंग्रजी मुलाखती ऐकण्याची तयारी हवी.

याच डिस्कवर 'शूटिंग वॉर' हा सुमारे दीड तासाचा माहितीपट आहे. टॉम हँक्स यांच्या निवेदनातून तो दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर कॅमेरा घेऊन गेलेल्यांचे काम दाखवतो. संकलन किंवा छायालेखन शिकणाऱ्यांनी तो आधी पाहावा आणि मगच ओमाहा किनाऱ्याच्या भागाकडे वळावे. हातात धरलेला कॅमेरा असा का हलतो, हे तेव्हाच नीट कळते.