दंतरोपणाच्या नावाखाली आईची झालेली फसवणूक

माझ्या आईच्या खालच्या जबड्यातील उजव्या बाजूच्या दोन दाढा गेल्या होत्या. त्या जागी इम्प्लांट (हाडात रोवायचे कृत्रिम दात) बसवून देण्याच्या व्यवहारात तिची जी फसवणूक झाली, ती मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. दवाखान्याचे नाव देत नाही, कारण हीच पद्धत इतरत्रही वापरली जाते आणि ती वेळीच ओळखता येणे अधिक महत्त्वाचे आहे.

तपासणी मोफत होती. डॉक्टरांनी काही मिनिटे तोंड पाहिले आणि आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवले. पुढचे सगळे बोलणे तेथील समन्वयक बाईंनी केले. त्या डॉक्टर नव्हत्या, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले. त्यांनी एका नामांकित परदेशी कंपनीच्या इम्प्लांटचे पॅकेज सांगितले, आजच नाव नोंदवले तर सवलत मिळेल असे सांगून पूर्ण रक्कम आगाऊ मागितली आणि तीन दिवसांत पक्के दात बसवून देण्याची हमी दिली.

या हमीविषयी आधी थोडे समजून घेणे आवश्यक आहे. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवला जाणारा टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर अबटमेंट नावाचा जोडभाग येतो आणि त्यावर दिसणारी कॅप. टायटॅनियमशी हाड एकजीव होते, हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी संशोधनातून दाखवले आणि १९६५ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. हाड असे धरायला साधारणपणे तीन ते सहा महिने लागतात. हाड घट्ट असेल आणि स्क्रू बसवतानाच पुरेसा आवळला गेला असेल, तर निवडक रुग्णांना लगेच तात्पुरता दात लावता येतो. पण हा निर्णय शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरने घ्यायचा असतो. रुग्णाचे हाड पाहण्यापूर्वीच कोणी तीन दिवसांची हमी देत असेल, तर ती विक्री आहे, उपचार नव्हे. आईला मधुमेह आहे. अशा रुग्णाची गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर पाहिल्याशिवाय हाडाला हात लावू नये, कारण साखर आटोक्यात नसेल तर जखम लवकर भरत नाही आणि संसर्गाचा धोका वाढतो. तिथे हा प्रश्न कोणीही विचारला नाही.

सर्वांत मोठे नुकसान मात्र पैशांचे झाले नाही. रिकाम्या जागेला लागून असलेला आईचा स्वतःचा दात किडलेला होता. ‘हाही फार दिवस टिकणार नाही, आत्ताच काढून टाकू, म्हणजे तिन्ही एकदम होतील,’ असे सांगून भूल दिलेली असतानाच तो काढण्यात आला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी जुना एक्स-रे पाहिला, तेव्हा त्या दाताचे मूळ आणि भोवतीचे हाड शाबूत असल्याचे त्यांनी दाखवले. रूट कॅनॉल करून कॅप बसवली असती तर तो वाचला असता. दोन इम्प्लांटचे तीन झाले ते असे. वाचण्यासारखा दात काढून तिथे इम्प्लांट बसवणे हा माझ्या मते या धंद्यातला सर्वांत निर्दय प्रकार आहे, कारण बाकी सारे पुन्हा करता येते, काढलेला दात परत लावता येत नाही. दात काढण्याचा सल्ला मिळाला, तर त्या दवाखान्याशी काहीही संबंध नसलेल्या दंतवैद्याला एक्स-रे दाखवल्याशिवाय होकार देऊ नये.

बिलात थ्रीडी स्कॅनचे पैसे लावलेले होते. फाइल मागितली तेव्हा हाती आला तो एकच साधा ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे. खालच्या जबड्यातून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. इम्प्लांटचे टोक आणि ती नस यांच्यात किमान दोन मिलिमीटर अंतर राखावे लागते आणि हाडाची रुंदी तर ओपीजीत दिसतच नाही. आईची नस वाचली, याबद्दल त्या दवाखान्याचे आभार मानण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

पुढे एक कॅप हलू लागली. तो दवाखाना दाद देईना, म्हणून मी आईला दुसऱ्या दंतवैद्य बाईंकडे नेले. त्यांनी कॅपवरचे छिद्र मोकळे केले, आतला, अबटमेंट जोडणारा छोटा स्क्रू पाहिला, तो फिरवायचे त्यांच्याजवळचे ड्रायव्हर एकेक करून अलगद टेकवून पाहिले आणि हात मागे घेतला. ‘ताई, हा कोणत्या कंपनीचा आहे ते कळल्याशिवाय मी आवळणार नाही. चुकीचा ड्रायव्हर लावला तर याचे डोके झिजेल आणि मग तो बाहेर काढणे फार अवघड होईल,’ असे त्या म्हणाल्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या इम्प्लांटची आतली खाच बहुधा वेगळी असते आणि अबटमेंटही त्याच मापाचे लागते, हे मला तेव्हा समजले.

म्हणूनच स्टिकरचे महत्त्व आहे. इम्प्लांट निर्जंतुक, सीलबंद पाकिटात येतो. त्यासोबत कंपनीचे नाव, व्यास, लांबी आणि लॉट (उत्पादनाच्या तुकडीचा) क्रमांक छापलेले स्टिकर असते. एक रुग्णाच्या फाइलमध्ये आणि एक रुग्णाच्या कार्डावर चिकटवणे अपेक्षित असते. आईला मिळाले ते गुळगुळीत कागदाचे ‘आजीवन वॉरंटी’ कार्ड. त्यावर कंपनीचे नाव ठळक छापलेले आणि क्रमांकाची जागा कोरी. मागच्या बारीक अक्षरांत लिहिले होते की हमी फक्त हाडातल्या स्क्रूची आहे, अबटमेंट, कॅप आणि पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया यांची नाही, आणि दर सहा महिन्यांनी त्याच दवाखान्यात पैसे भरून सफाई केली नाही तर तीही रद्द होईल.

नोंदी मागितल्यावर उत्तर मिळाले की शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बाहेरून येत असत, ते आता येत नाहीत. दुसऱ्या दंतवैद्य बाईंनी एक्स-रेवरून स्क्रूची मान आणि आटे पाहून हा ठरलेल्या कंपनीचा माल नसावा असा अंदाज सांगितला होता. मी लेखी अर्ज केला आणि दंतवैद्यांची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे तक्रार करणार असल्याचे त्यात नमूद केले, तेव्हा कुठे स्टिकर आले. तीन इम्प्लांटची दोनच स्टिकर, आणि दोन्ही वेगळ्याच, स्वस्त कंपनीची. स्वस्त इम्प्लांट वाईटच असतो असे मी म्हणत नाही. नीट बसवलेले असे अनेक इम्प्लांट उत्तम टिकतात. पण पैसे एका मालाचे घेऊन दुसराच हाडात बसवणे आणि ती माहिती दडवून पुढच्या डॉक्टरचेही हात बांधणे ही उघड फसवणूक आहे.

स्टिकर मिळाल्यामुळे दोन इम्प्लांटसाठी योग्य सुटे भाग मागवता आले आणि त्यांवर आता नव्या कॅप आहेत. तिसऱ्याच्या भोवतीचे हाड झिजले होते, म्हणून तो काढावा लागला. तक्रार परिषदेकडे प्रलंबित आहे. तिच्यासोबत जोडण्यासाठी सर्वांत उपयोगी ठरले ते समन्वयक बाईंचे मोबाइलवरील संदेश, कारण परदेशी कंपनीचे नाव आणि तीन दिवसांची हमी त्यांनी त्यांत स्वतः लिहिली होती. छापील अंदाजपत्रकात मात्र ‘इम्प्लांट’ आणि नगांची संख्या एवढेच होते. तुमच्या अंदाजपत्रकातही तसेच असेल, तर कंपनी, मॉडेल, अबटमेंट आणि कॅपचा प्रकार त्यात लिहून घ्या आणि संदेश पुसू नका.