ओसीटी तपासणी : नजर परत येईल का, याचा अंदाज

भिवापूर तालुक्यातील आमच्या शेतात मिरचीचा तोडा चालू असताना बाबांच्या टोपलीत लाल मिरच्यांबरोबर हिरव्याही येऊ लागल्या, तेव्हा पहिली शंका आली. क्षयरोगाच्या गोळ्यांचा त्यांचा चौथा महिना होता. त्यातील एथॅम्ब्युटॉलमुळे काही रुग्णांच्या डोळ्याच्या नसेला इजा होते, लाल-हिरव्यातील फरक पुसट होतो, आणि मूत्रपिंड कमजोर असल्यास धोका वाढतो, असे क्षयरोगाच्या डॉक्टरांनी सांगितले. तेवढे औषध त्यांनी त्याच दिवशी थांबवून उरलेला उपचार सुरू ठेवला. गेलेली नजर परत येईल का, हे जाणून घेण्यासाठी आम्ही नागपूरच्या एका खासगी नेत्र रुग्णालयात ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांचे चित्र काढणारी तपासणी, करून घेतली.

या तपासणीत सुई नाही, डोळ्याला स्पर्शही नाही. अवरक्त प्रकाशाने डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) थरांची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजली जाते. अडचण मात्र लगेच आली. यंत्रातील खुणेकडे पाहायचे असते, आणि बाबांच्या नजरेच्या नेमक्या मध्यावरच डाग असल्याने त्यांना ती दिसेना, त्यामुळे पहिली दोन चित्रे हलली. तंत्रज्ञ ताईंनी न चिडता दुसऱ्या डोळ्यापुढे बाहेरचा लहान दिवा धरला आणि तिसऱ्या वेळी चित्र स्वच्छ आले. या धीरासाठी मी त्यांचा मनापासून ऋणी आहे.

डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावर दोन थर वेगवेगळे दाखवले. नसेच्या मुळाभोवतीचा तंतूंचा थर बाबांच्या उजव्या डोळ्यात ९२ मायक्रॉन, म्हणजे वयाच्या मानाने ठीक होता; पण सुरुवातीच्या सुजेमुळे तो फसवा जाड दिसू शकतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये, असे त्यांनी सांगितले. मध्यभागातील गँग्लियन पेशींचा (ज्यांच्या तंतूंनी डोळ्याची नस बनते त्या पेशींचा) थर त्यांना अधिक महत्त्वाचा वाटला, कारण तो जितका पातळ झालेला, तितकी नजर सुधारण्याची शक्यता कमी. बाबांचा तो थर थोडाच विरळ होता. आशा ठेवावी, हमी देता येत नाही, हे त्यांनी बाबांना समोर बसवून, हळू आवाजात समजावले.

तक्रार एकच, पण मोठी आहे. ज्या अहवालात हिरवा, पिवळा आणि लाल रंगच जाडीचा अर्थ सांगतात, तो आम्हाला काळ्या-पांढऱ्या छपाईत मिळाला, आणि गावाकडच्या डॉक्टरांना त्यातले रंगांचे काही कळले नाही. दोन्ही डोळ्यांचे १,८०० रुपये घेणाऱ्या ठिकाणी रंगीत प्रत मागावी लागू नये. गोळ्या सुरू करण्यापूर्वीचे एक चित्र आमच्याकडे असते तर तुलना किती सोपी झाली असती, ही खंत वेगळी. तिचा दोष या रुग्णालयाचा नाही.

चार महिन्यांनी दुसरी ओसीटी झाली. तंतूंचा थर कानाकडच्या बाजूने किंचित उतरला होता, मधला थर मात्र तसाच टिकला, आणि उजव्या डोळ्याची नजर ६/६० वरून ६/१८ पर्यंत आली, म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर आधी सहा मीटरवरून दिसे, आता १८ मीटरवरचे दिसते. डावा डोळा मागेच आहे. त्याचे पुढचे चित्र दिवाळीनंतर काढायचे ठरले आहे, आणि या वेळी रंगीत प्रत हाती आल्यावरच आम्ही उमरेडची बस पकडू.