भुसार दुकानाच्या वह्या आणि आम्लमुक्त पेट्या: एका पावसाळ्यानंतर

मार्चमध्ये घरातले जुने कागद जपायला आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या सहा पेट्या, शंभर फोल्डर आणि टिश्यू कागदाची एक गुंडाळी मागवली. आता नोव्हेंबर आहे. मधला सगळा पावसाळा या पेट्यांनी आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरात काढला, म्हणून आता खात्रीने लिहू शकते.

आधी आत काय ठेवलं ते सांगते. आजेसासऱ्यांचं जांभळी नाक्याजवळ भुसाराचं दुकान होतं. आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा पोटमाळ्यावरून सगळं खाली आलं: रोजकीर्दी (रोजच्या व्यवहारांच्या वह्या), खतावण्या (ज्यात प्रत्येकाचं खातं वेगळ्या पानावर असतं त्या वह्या), रेल्वेने आलेल्या मालाच्या बिल्ट्या, तारेत ओवलेल्या उधारीच्या चिठ्ठ्या, घरची पत्रं, एक खरेदीखत, गोदामाचा निळा नकाशा (ब्लूप्रिंट). जुन्या वह्या मोडी लिपीत, नंतरच्या देवनागरीत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे झाले. आमच्या वहीत तो महिनाभर दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडलेत आणि समासात सव्वासहाचा पाढा लिहिलाय, कारण एका आण्याचे सव्वासहा पैसे. ते पान पाहिलं त्या दिवशी ठरवलं की यातलं काहीच रद्दीत जाणार नाही.

पेट्या साध्या फाइल बॉक्सच्या चौपट महाग पडल्या. फरक पुठ्ठ्यात आहे. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असतं. कागद पिवळा पडून कडेने तुटायला लागतो तो त्यामुळेच, आणि तसल्या पुठ्ठ्यात ठेवलं तर पेटीतलं आम्लही आतल्या कागदात उतरतं. या पुठ्ठ्यात कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेलं असतं, ते आम्ल मारतं. आठ महिन्यांत एवढं जुनं दुखणं बरं झालेलं दिसणार नाही, तशी अपेक्षाही नव्हती. मला बघायचा होता पाऊस.

एक छोटा आर्द्रतामापक खोलीत आणि एक पेटीत ठेवला. जुलैत खोलीतला आकडा कितीतरी दिवस ८५ टक्क्यांच्या वर होता. पेटीतला ७० च्या आसपास राहिला, आणि मुख्य म्हणजे तो हळूहळू सरकायचा. उघडीप आली, पुन्हा धार लागली, तरी आत तेवढे हेलकावे नव्हते. कागद सारखा फुगतो-आकसतो तेव्हाच घडीवर तुटतो, आणि आमच्या वह्यांत रकाने रेघांनी आखलेले नाहीत, पानाला उभ्या घड्या घालून पाडलेले आहेत. प्रत्येक घडी म्हणजे तुटायची जागा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या होत्या. नारिंगी दाणे ओलावा शोषून हिरवे झाले की ओव्हनमध्ये वाळवून परत. ऑगस्टमध्ये हे दर दहा दिवसांनी करावं लागलं. तरीही ७० म्हणजे जास्तच, ५० च्या आसपास हवं. एका खतावणीच्या पुठ्ठ्यावर बुरशीचे पांढरे ठिपके आले, ती वेगळी करून पंख्याखाली वाळवली आणि मऊ ब्रशने गच्चीत झटकली. म्हणजे पेटी घेतली की काम संपलं असं समजू नका, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा झाकण उघडून बघावंच लागतं.

पोटमाळ्यावर काही गठ्ठे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेले होते आणि काही जुन्या धोतराच्या फडक्यात. प्लॅस्टिकमधले सगळे कुबट, पानं एकमेकांना चिकटलेली. फडक्यातल्यांवर धूळ होती, कडांना थोडी कसर लागलेली, पण पान न् पान सुटं. मी फडकी टाकायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, फेकू नकोस ती. माझ्या लग्नाच्या आधीपासून वह्या त्यातच आहेत." त्यांचंच बरोबर होतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांतच, म्हणजे सुती फडक्यांतच, बांधलेले आहेत. सुती कापड धूळ अडवतं आणि दमट हवा कोंडून ठेवत नाही. आता फडकी धुऊन, कडक उन्हात वाळवून, त्यात वह्या बांधून मग पेटीत ठेवते. निव्वळ पेटीपेक्षा हे मला जास्त पटलं.

एक तक्रार आहे. विक्रेत्याने सांगितलं होतं की यात काहीही ठेवा. मी निळा नकाशाही ठेवला. जूनमध्ये वाचताना कळलं की जुन्या निळ्या नकाशांचा रंग प्रशियन ब्लू असतो आणि अल्कलीने, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाने, तो फिका होतो. म्हणजे जो कॅल्शियम कार्बोनेट वह्यांना तारतो तोच नकाशाला मारक. तीन महिन्यांत फरक दिसला नाही, तरी लगेच काढून कार्बोनेट नसलेल्या साध्या आम्लमुक्त कागदात गुंडाळला. जुने फोटोही तसेच वेगळे ठेवलेत. हे विकणाऱ्याने सांगायला हवं होतं.

खरेदीखताचं मात्र काही करता येत नाही. घरातल्याच कुणीतरी फार वर्षांपूर्वी जपायचं म्हणून ते गरम लॅमिनेशन करून आणलं. तो थर आता निघत नाही, आणि आत कागद तपकिरी होत चाललाय. कृपा करून हे कुणी करू नका. चिकटपट्टीही नको.

या सगळ्यात मी सर्वात मोठी चूक करता करता वाचले ती पेटीशी संबंधित नाही. मला सगळ्या खतावण्या एका पेटीत, रोजकीर्दी दुसऱ्या, पत्रं तिसऱ्या पेटीत अशी छान वाटणी करायची होती. त्याआधी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात, जाऊन आले. हे कार्यालय १८२१ मध्ये सुरू झालं. तिथे विचारलं तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही की गठ्ठा जसा आला तसा ठेवायचा, कारण क्रम हाही पुरावा असतो. त्याचा अर्थ घरी आल्यावर उमगला. रोजकीर्दीत प्रत्येक नोंदीशेजारी खतावणीचं पान लिहिलंय. मी मोडी अजून शिकतेय, एखादं नाव रोजकीर्दीत लागलं नाही तर त्या पानावर जाते, तिथे तेच नाव मोठ्या अक्षरात मथळ्याला असतं. त्या वर्षाची रोजकीर्द आणि खतावणी एकाच फडक्यात बांधलेली होती म्हणून हे जमलं. एका गठ्ठ्यात वह्यांच्या मध्ये एक पत्र होतं. ते उचलून पत्रांत टाकलं असतं तर शेजारच्या पानावरची उधारी एका आजारपणासाठी माफ केली होती, हे कधीच कळलं नसतं.

आता उरल्यात तारेतल्या चिठ्ठ्या. तारा गंजल्यात, भोकांभोवती तांबडे डाग पडलेत, त्यामुळे काढायलाच हव्यात. पण तारेवर सगळ्यात खाली सर्वात जुनी चिठ्ठी आहे, तोच त्यांचा क्रम. आधी जागेवरच प्रत्येकीच्या मागे मऊ पेन्सिलीने आकडा घालतेय. तीनशे बारा झाल्या, दुसरी तार अर्धी उरलीय. आणखी दोन पेट्या मागवल्यात.