दोन कुत्री, एक ट्रेलर आणि अख्खा उन्हाळा : वापरानंतरचा अनुभव

मार्चमध्ये सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला, मे संपता संपता मिनेसोटातून निघालो आणि साउथ डकोटा, वायोमिंग, आयडाहो, मोंटाना असा फेरा मारून ऑगस्टच्या शेवटी घरी आलो. मी, नवरा, खंड्या (लॅब, ७५ पौंडांचं धूड) आणि ठमी (शेल्टरमधून आणलेली, कॅटल डॉग मिक्स, ४० पौंड). मधले काही आठवडे नाशिकहून आलेली आईसुद्धा होती. घेण्याआधी ट्रेलरचे रिव्ह्यू भरपूर बघितले, सगळे बेड, किचन, टीव्ही, बाहेरचे स्पीकर यावर बोलतात, कुत्री घेऊन महिनोन् महिने राहायचं तर काय लागतं ते कोणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते. कुत्री असतील तर ट्रेलर निवडताना मोकळी फरशी आणि वीज-एसी या दोन गोष्टी सगळ्यात आधी बघा, आणि रूट मोठमोठ्या नावांवरून न ठरवता तापमानावरून ठरवा.

आमचा ट्रेलर साधारण २२ फुटी, स्लाइड-आउट (थांबल्यावर बाहेर सरकवून जागा वाढवायचा भाग) नाही. स्लाइड नसल्यामुळे आत कमी जागा असेल असं वाटतं, पण त्याचा फायदा असा की हायवेवर कुठेही थांबलो तरी दार उघडलं की आतली सगळी जागा जशीच्या तशी मोकळी. दुपारी रेस्ट एरियात दोघांना आत आणून पाणी पाजायचं, पाय मोकळे करायचे आणि परत पिकअपमध्ये (ट्रेलर ओढणाऱ्या आमच्या ट्रकमध्ये) बसवायचं. (चालत्या ट्रेलरमध्ये कुत्री ठेवायची नाहीत, कितीही सोयीचं वाटलं तरी. आत गरम होतं, सामान हलतं आणि काही झालं तर तुम्हाला कळतसुद्धा नाही.) डायनेटचं (आतल्या जेवायच्या कोपऱ्याचं) टेबल आम्ही खाली पाडून तिथे कायमचा बेड करून टाकला, ती खंड्या-ठमीची जागा. आम्ही जेवायला बाहेरच बसायचो.

पायऱ्यांचं मात्र आधी कोणी सांगायला हवं होतं. बाहेर घडी होणाऱ्या ज्या लोखंडी पायऱ्या असतात ना, त्या जाळीच्या, खालची जमीन आरपार दिसते. ठमी पहिल्या पायरीवर पंजा ठेवायची, खाली बघायची आणि पंजा मागे घ्यायची. बिस्किट दाखवलं, ओढलं, काही उपयोग नाही. मग पायऱ्यांवर घालायचे कार्पेटचे कव्हर मिळतात ते बसवले, खालचं दिसायचं बंद झालं आणि बाई संध्याकाळपर्यंत आपण होऊन वर. आईलासुद्धा त्यामुळे चढायला बरं पडलं. जाळीच्या दाराचा खालचा भाग खंड्याच्या नाकाने फाटायच्या आत तिथे ॲल्युमिनियमचं ग्रिल लावलं, स्वस्तातलं काम आहे, निघायच्या आधीच करून टाका.

आता वीज. ट्रेलर ३० अँपचा आहे, म्हणजे ३६०० वॉट, एवढ्यातच सगळं. एसी एकटाच त्यातला मोठा हिस्सा खातो, वर मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) एकदम लावलात तर ब्रेकर पडणार म्हणजे पडणार. हे घरच्यांना समजावून सांगता येतं. खरी काळजी वेगळीच आहे. जुलैतल्या संध्याकाळी पूर्ण कॅम्पग्राउंड भरलेला, सगळ्यांचे एसी चालू, तेव्हा ज्या खांबावरून ट्रेलरला वीज घेतो त्यावरचं व्होल्टेज खाली येतं. चांगला सर्ज प्रोटेक्टर (खांब आणि ट्रेलरच्या मध्ये लावायचं विजेचं रक्षक यंत्र) १०४ व्होल्टच्या खाली गेलं की एसी वाचवायला वीज तोडतो, त्याचं ते कामच आहे, पण आत कुत्री एकटी असतील तर पत्र्याचं ते घर अर्ध्या-पाऊण तासात तापतं. आमच्याकडे मोबाईल नेटवर्कवर चालणारा तापमानाचा सेन्सर होता, शहराजवळ असताना उत्तम, फोनवर लगेच अलर्ट. डोंगरात नेटवर्कच नाही तर अलर्ट येणार कुठून? म्हणून आमचा नियम असा झाला की बाहेर ८० फॅरेनहाइटच्या वर असेल तर कुत्र्यांना आत एकटं ठेवायचंच नाही, एकाने थांबायचं. एसी चालू असला तरी. आई होती तेव्हा तिने हे काम आनंदाने घेतलं, दुपारची पोथी आणि दोन्ही बाजूंना दोन कुत्री.

आणि एसीचा फिल्टर! छताला आतून जी जाळी असते ती उघडून बघा, लॅब असेल तर चार-पाच दिवसांत केसांची गादी तयार होते. हवा ओढता येत नाही, आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि थंड हवा यायची बंद होते, मग लोक म्हणतात एसी बिघडला. फिल्टर धुवायचा, वाळवायचा, लावायचा, बस. फरशीतल्या हीटरच्या जाळ्या पण तशाच, व्हॅक्यूम जवळ पाहिजेच.

ओढण्याबद्दल थोडक्यात. भरलेला ट्रेलर ५८०० पौंडांच्या आसपास, त्याच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रक-ट्रेलरच्या जोडावर) यायला हवा, आमचा ७०० निघाला. हा भार पिकअपच्या पेलोडमधून (ट्रक स्वतःवर जेवढं वजन पेलू शकतो त्यातून) वजा होतो, त्यात माणसं धरा, कुत्री धरा (आमची ११५ पौंड!), हिचचं स्वतःचं वजन, जनरेटर, डॉगफूडची पोती. ट्रक किती ओढतो हा आकडा जाहिरातीत मोठा दिसतो पण पेलोड आधी संपतो, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचूनच ट्रेलर घ्या. ॲव्हरेज निम्म्यावर येतं ते धरूनच चाला.

रूटचं म्हणाल तर कुत्रेवाल्यांनी नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट यातला फरक पक्का समजून घ्या, सगळी ट्रिप त्यावर अवलंबून आहे. यलोस्टोन पार्कमध्ये कुत्रं ट्रेलवर (पायवाटेवर) नाही, बोर्डवॉकवर (लाकडी फळ्यांच्या वाटेवर) नाही, फक्त रस्ता, पार्किंग आणि कॅम्पग्राउंडपासून १०० फुटांच्या आत, तेही ६ फुटी लीशवर (पट्ट्याला बांधलेल्या दोरीवर). बॅडलँड्स पार्कमध्येही ट्रेल बंद. हे नियम मला पटतात, बायसन आणि अस्वलं असलेल्या ठिकाणी कुत्रं भुंकत फिरलं तर जीव कुत्र्याचाच जाईल. पण नॅशनल फॉरेस्टमध्ये (जंगल खात्याच्या जमिनीवर) बहुतेक ट्रेल खुले. साउथ डकोटाच्या ब्लॅक हिल्समध्ये आम्ही म्हणून जास्त राहिलो. जुन्या रेल्वेलाईनवर केलेला १०९ मैलांचा मिकेलसन ट्रेल आहे, डेडवूडपासून एजमाँटपर्यंत, लीश लावून कुत्री चालतात, चढ हलका आणि जागोजागी जुने लाकडी पूल. सकाळी सहाला निघायचं आणि ऊन चढायच्या आत परत. तिथला नीडल्स हायवे बघायचाच असेल तर ट्रेलर कॅम्पवर ठेवून जा, वरचा बोगदा रुंदीला जेमतेम ८ फूट आहे आणि ट्रेलरच ८ फुटी असतो.

तिथल्या वाळक्या गवतापासून मात्र सांभाळा. जुलैत त्याला कुसळं येतात, ती पंज्याच्या बोटांमध्ये, कानात शिरतात आणि आत आतच जात राहतात. ठमी एका रात्री पंजा चाटायची थांबेना, टॉर्च लावून बघितलं तर बोटांमध्ये लाल फोड आणि मधोमध बारीक भोक. सकाळी व्हेटकडे नेलं, त्यांनी भूल देऊन चिमट्याने अर्ध्या इंचाचं कुसळ बाहेर काढलं. त्यानंतर रोज संध्याकाळी पंजे उलटे करून, बोटं फाकवून, कान वर करून तपासणी, दोघांची, न चुकता.

उकाडा वाढला की आम्ही वर चढायचो, हा सगळ्यात चांगला उपाय. वायोमिंगच्या बिगहॉर्न डोंगरांमध्ये ८००० फुटांच्या वर जंगल खात्याच्या कॅम्पसाइट आहेत, वीज नाही, नळजोडणी नाही, आणि एसीची गरजही नाही, रात्री तर ब्लँकेट लागतं. ट्रेलर घेऊन जायचं तर यूएस १६ हायवेने जा, पावडर रिव्हर पास ९६६६ फुटांवर आहे पण चढ त्यातल्या त्यात सौम्य. यूएस १४ए या दुसऱ्या हायवेचा चढ १० टक्के आहे, तिकडे ट्रेलर नेऊ नका. खंड्या इतका खूश मी घरीसुद्धा पाहिलेला नाही, थंडगार ओढ्यात पोटापर्यंत बसून राहायचा.

यलोस्टोनसाठी आम्ही पार्कच्या बाहेर, आयडाहोत आयलंड पार्कला मुक्काम केला आणि पाळीपाळीने पार्क बघितलं, एक दिवस नवरा, एक दिवस मी आणि आई. दोघांनी मिळून ओल्ड फेथफुल (गरम पाण्याचं कारंजं) बघायचं राहिलं, चालेल. अस्वलांच्या भागात अन्न उघड्यावर ठेवायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात कुत्र्यांची वाटी आणि डॉगफूडही येतं, रिकामी वाटीसुद्धा बाहेर ठेवायची नाही.

स्वयंपाकाचं एक. आत फोडणी घातली की स्मोक अलार्म किंचाळतो आणि ठमी बेडखाली जाऊन थरथरते. म्हणून बाहेर टेबलावर दोन बर्नरची गॅस शेगडी, पिठलं, मुगाची खिचडी, सगळं तिथेच, आणि झाल्यावर लगेच टेबल पुसून भांडी आत.

ट्रेलर विकत नाही, ठेवतोय. थंडीसाठी पाण्याच्या पाइपात गुलाबी अँटीफ्रीझ भरून झालंय, वसंतात छतावर सोलर टाकायचाय. पुढच्या उन्हाळ्यात लेक सुपीरियरच्या कडेकडेने कॅनडात जायचा विचार आहे, त्यासाठी दोघांचे रेबीजचे दाखले, मायक्रोचिप, आणि परत येताना सीडीसीचा (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा) डॉग इम्पोर्ट फॉर्म लागतो, ऑगस्ट २०२४ पासून तो सगळ्याच कुत्र्यांना सक्तीचा आहे, अमेरिकेतून गेलेल्या कुत्र्यांनाही. ऑनलाइन भरता येतो, फुकट आहे, पावती फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे ठेवा.