कानाने ढोलकी उचलण्यासाठी ऑडॅसिटी: फुकट, कामाची, थोडी खटपटीची

लावणीची ढोलकी वहीवरून शिकणाऱ्यांचं घोडं बहुतेक एकाच जागी अडतं. वहीत केरवा ताल 'धा गे न ती । न क धी न' असा आठ सारख्या घरांत बसलेला असतो; संगीतबारीत, म्हणजे लावणीच्या प्रत्यक्ष कार्यक्रमात, तो इतका सरळ वाजत नाही. काही बोल रेंगाळतात, डाव्या पुडीवरचा घिस्सा (हात घासून काढलेला घुमारा) लिहिताच येत नाही. हे रेकॉर्डिंगवरूनच उचलावं लागतं आणि त्यासाठी ऑडॅसिटी हा संगणकावरचा ध्वनी-संपादनाचा प्रोग्राम पुरेसा आहे.

लय कमी करायला लोक थेट 'चेंज टेम्पो' लावतात. पट्टी तीच राहते, म्हणून पेटी आणि गळ्याला ते उत्तम. ढोलकीला मात्र उणे २५-३० टक्क्यांच्या खाली गेलात की एकेक थाप दुहेरी ऐकू येऊ लागते. त्यातलं 'हाय क्वालिटी स्ट्रेचिंग' टिक केलंत तर थापेची धार पसरते. ते गाण्यापुरतंच ठेवा. तोडा (बोलांची बांधीव रचना) फारच जलद असेल तर सरळ 'चेंज स्पीड' (नव्या आवृत्त्यांत 'चेंज स्पीड अँड पिच') उणे ५०. आवाज एक सप्तक खाली उतरतो, भसाडा होतो, पण थाप अखंड राहते आणि बोल मोजता येतात. जुन्या ध्वनिमुद्रिकेची नक्कल वेगात चढली असेल, तर पट्टी जुळवायलाही हेच वापरा. लय आणि स्वर दोन्ही एकत्र चढलेले असतात.

घुंगरू-झांजेत डावा हात बुडाला असेल तर ट्रॅकची प्रत काढून तिला साधारण २०० हर्ट्झचा लो-पास फिल्टर (वरचे आवाज गाळून खर्ज ठेवणारा) लावा. घिस्सा कुठे सुरू होतो नि कुठे सुटतो, ते लगेच कळतं.

पुन्हा पुन्हा ऐकायचा तुकडा, म्हणजे लूप, समेपासून (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून) धरू नका. उठावासकट (समेकडे नेणाऱ्या सुरुवातीसकट), समेच्या दोन मात्रा आधीपासून धरा. नाहीतर तोडा पाठ होतो आणि त्यात शिरायचं कसं हेच कळत नाही. आधी बोल तोंडाने म्हणा, हात नंतर.

ऑडॅसिटीतली मात्रांची जाळी दाखवणारी सोय मात्र इथे बिनकामाची. बारीत लय चढत जाते, अदाकारीला ढोलकी थांबते, आणि जाळी दोन आवर्तनांत घसरते. त्याऐवजी वाजत असतानाच कंट्रोल-एम दाबून प्रत्येक समेवर खूण टाका.

फोनवर ऑडॅसिटी नाही. तिथे यूट्यूबचा ०.७५ वेग पेटीच्या चालीपुरता चालतो. ढोलकीसाठी संगणकच हवा.